फाटकापासून तपासणीच्या टेबलापर्यंत: एका सरकारी रुग्णालयातल्या वाटेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका विकसनशील देशातल्या निमशहरी सरकारी रुग्णालयाचं आहे. गाव, माणसं, संस्था यांची ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही. मापं मात्र ठेवली आहेत, कारण इथले सगळे वाद शेवटी सेंटिमीटरवरच येऊन थांबले. माझं काम तपासनीसाचं होतं: इमारत अपंग व्यक्तींना खरोखर वापरता येते का ते मोजून सांगायचं आणि दुरुस्तीच्या वेळी हजर राहायचं.

इमारत दुमजली. जोतं जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच, चढायला १५ सेंटिमीटरच्या चार पायऱ्या. तळमजल्यावर नोंदणीची खिडकी, बाह्यरुग्ण विभाग, औषधं, जुन्या कागदपत्रांची खोली आणि प्रमुख डॉक्टरांचं दालन. वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा, फिजिओथेरपी आणि अपंगत्वाचा दाखला देण्याआधी जिथे तपासणी होते ती खोली. ऐकणाऱ्याला हा विनोद वाटतो. तिथे रोज काम करणाऱ्यांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. जो विभाग शेवटी सुरू झाला त्याला उरलेली जागा मिळाली, आणि उरलेली जागा वर होती. एवढंच कारण.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला आणि ३ मे २००८ पासून तो अमलात आला. त्याचं नववं कलम सुगम्यतेचं, पंचविसावं आरोग्याचं. या देशाने करार मान्य केला, कायदा केला, आणि कायदा खाली झिरपत आला तेव्हा रुग्णालयाच्या हाती एक परिपत्रक पडलं: रॅम्प बांधा. रुग्णालयाने बांधला. पूर्तता अहवालात 'सुगम' या रकान्यात बरोबरची खूण झाली.

दोन वर्षांनी मी तिथे पोचलो, तेव्हा त्या रॅम्पवरून औषधांची खोकी ओढत नेली जात होती आणि दुपारी मुलं घसरगुंडी खेळत होती. पहिल्या चार दिवसांत एकही व्हीलचेअर मला त्यावर चढताना दिसली नाही.

अडचण

सुरुवात एका महिलेपासून झाली. तिशीतल्या, शिवणकाम करून घर चालवणाऱ्या. काही वर्षांपूर्वी उंचावरून पडून पाठीच्या कण्याला दुखापत झालेली, कमरेखाली हालचालही नाही आणि संवेदनाही नाही. बसण्याच्या हाडावर त्यांना दाबव्रण झाला होता. अशा दुखापतीत खरा धोका हाच असतो. संवेदना नाही म्हणून दुखत नाही, दुखत नाही म्हणून माणूस बूड हलवत नाही, आणि सतत दबलेल्या जागी रक्त पोचलं नाही की कातडी मरायला लागते. नीट गादी, ठरावीक वेळाने हातांवर अंग उचलणं आणि वेळेवर ड्रेसिंग, एवढं झालं तर जखम आटोक्यात राहते. न झालं तर हाडापर्यंत जाते.

त्यांना आठवड्यातून दोनदा ड्रेसिंगला बोलावलं होतं. तीन आठवडे त्या आल्याच नाहीत. नोंदवहीत शेरा पडला: 'रुग्ण उपचारास अनियमित.' चौथ्या आठवड्यात भाऊ त्यांना उचलून घेऊन आला तेव्हा जखम दुप्पट झाली होती. ड्रेसिंग करणाऱ्या नर्सने 'का आला नाहीत?' असं विचारलं, आणि उत्तर तसंच्या तसं त्या शेऱ्याखाली लिहून ठेवलं. त्या नर्सचं मला कौतुक वाटतं. सरकारी नोंदवहीत रुग्णाचं वाक्य क्वचितच येतं. उत्तर असं होतं: "मला उचलणारे लोक भले असतात. पण दर वेळी कोण उचलणार, हे मला आधी माहीत नसतं."

ती ओळ वाचून मी ठरवलं, इमारत नंतर मोजू, आधी त्यांच्याबरोबर ही वाट चालू.

फाटकापासून दारापर्यंत अंतर जेमतेम १२ मीटर. त्या त्यांच्या खुर्चीत, मी हातात टेप आणि पातळी मोजायची पाण्याची नळी घेऊन. फाटकाशीच खडी. रुग्णालयं देतात तशी ती खुर्ची, पुढची चाकं लहान, अरुंद आणि टणक. खडीत ती रुतली की खुर्ची पुढे जात नाही, माणूस मात्र पुढे जातो. मग गटार. त्यावर लोखंडी जाळी, पट्ट्या चालण्याच्या दिशेनेच लावलेल्या. पुढचं चाक बरोबर दोन पट्ट्यांमध्ये उतरलं. जाळी ९० अंश फिरवून लावली असती तर हे घडलंच नसतं, खर्च शून्य.

मग रॅम्प. लांबी ३.६ मीटर, उंची ६० सेंटिमीटर, म्हणजे उतार एकास सहा. बहुतेक मानकं एकास बारापेक्षा तीव्र उतार चालवून घेत नाहीत, आणि त्यामागचा हिशेब सोपा आहे. माणूस आणि खुर्ची मिळून ८० किलो धरले, तर एकास सहाच्या चढावर जवळजवळ १३ किलोचा भार सतत रेटावा लागतो. एकास बारावर तो निम्मा होतो. शिवाय तीव्र चढावर खुर्ची मागे कलंडते, आणि ज्यांचं धड स्वतःच्या ताब्यात नाही त्यांना पुढे वाकून तोल सावरता येत नाही. भावाने मागून ढकललं, मी बाजूने धरलं. वर पोचल्यावर कळलं, दाराची कवाडं बाहेर उघडतात आणि थांबायला जागा एक मीटरसुद्धा नाही. दार उघडायचं तर खुर्ची पुन्हा उतारावर मागे न्यावी लागते.

आत नोंदणीची खिडकी सव्वा मीटर उंच. खिडकीतल्या माणसाला समोर कुणी आहे हेच दिसेना, त्याने "पुढचा!" म्हणून हाक मारली. वजनकाटा उभ्या माणसाचा, म्हणून त्यांच्या केसपेपरवर वजनाच्या जागी रेघ. औषधाची मात्रा अंदाजाने. तपासणीचं टेबल ८५ सेंटिमीटर उंच, खुर्चीची बैठक ५० सेंटिमीटर. मधले ३५ सेंटिमीटर दोन माणसांनी उचलून पार करायचे, आणि उचलताना कातडी टेबलाच्या कडेवर घासते. दाबव्रणावर इलाज करायला नेताना नवा व्रण करण्याची ही सोय.

अपंगांसाठीचं म्हणून एक स्वच्छतागृह होतं. दारावर खुर्चीचं चित्र, दाराला कुलूप. आत बादल्या, झाडू आणि जंतुनाशकाचे कॅन. किल्ली सफाई कामगाराकडे, आणि त्याची पाळी दुपारी दोनला संपायची. जिन्यापर्यंत आम्ही गेलोच नाही.

हे सगळं एका माणसाचं झालं. बाकीचे किती? रुग्णालयाच्या मते परिसरात अपंग व्यक्ती 'फार नाहीत'. हा आकडा घरोघरी 'घरात कुणी अपंग आहे का?' असं विचारून आला होता. या प्रश्नाला लोक 'नाही' म्हणतात. कुणाला लाज वाटते, कुणाला आजोबांचं न दिसणं म्हणजे म्हातारपण वाटतं, अपंगत्व नव्हे. अपंगत्वाच्या आकडेवारीसाठी २००१ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय वॉशिंग्टन गटाने यावर उपाय म्हणून सहा प्रश्नांचा छोटा संच तयार केला: बघायला, ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला वा एकाग्र व्हायला, स्वतःचं आवरायला, आणि दुसऱ्याशी संवाद साधायला अडचण येते का, आणि किती? अपंगत्व हा शब्द त्यात कुठेच नाही. आरोग्य सेविकांनी हेच प्रश्न दोन वस्त्यांमध्ये विचारले, आणि यादी पहिल्या वहीच्या कितीतरी पुढे गेली. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँकेच्या २०११ च्या अहवालाने जगातल्या सुमारे १५ टक्के लोकांना कोणतं ना कोणतं अपंगत्व असल्याचा अंदाज दिला होता. संघटनेच्या २०२२ च्या अहवालात तो १६ टक्के, म्हणजे सुमारे १३० कोटी माणसं. 'फार नाहीत' हा शब्दप्रयोग त्यानंतर बैठकीत कुणी केला नाही.

पर्याय

बैठकीला प्रमुख डॉक्टर, बांधकाम खात्याचे अभियंता, ती नर्स, सफाई कामगार, देणगी देणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी आणि तीन वापरणारे: त्या शिवणकाम करणाऱ्या महिला, पांढरी काठी वापरणारे एक अंध शिक्षक आणि ऐकू न येणारा एक तरुण सुतार, खाणाखुणांची भाषा जाणणाऱ्या बहिणीसह. वापरणाऱ्यांना बोलावण्याचा माझा आग्रह होता. करारातल्या चौथ्या कलमातही अपंग व्यक्तींशी सल्लामसलत करण्याचं बंधन आहे. ते दाखवलं तेव्हा खुर्च्या वाढवल्या गेल्या. बैठक आधी वरच्या मजल्यावर ठेवली होती, हेही नमूद करतो.

पहिला प्रश्न वरच्या मजल्याचा. देणगीदार संस्थेला लिफ्ट हवी होती. लिफ्ट दिसते, तिच्यावर फलक लागतो, उद्घाटन होतं. अभियंत्यांनी विचारलं, वीज दिवसातून कितीदा जाते? दुरुस्तीचा माणूस कुठून येणार? राजधानीतून. लिफ्ट बंद पडेल तेव्हा आत किंवा वर असलेल्या व्हीलचेअरवरच्या माणसाने काय करायचं? यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

दुसरा पर्याय नर्सने मांडला आणि तो इतका साधा होता की क्षणभर सगळे गप्प झाले. माणसं वर नेण्याऐवजी विभाग खाली आणा. जुन्या कागदपत्रांना पाय नाहीत, त्यांना जिन्याची अडचण नाही. पण कागदांची एकच खोली पुरणार नव्हती. प्रयोगशाळेचं नमुने घेण्याचं टेबल, फिजिओथेरपी आणि दाखल्याची तपासणी खाली आणायची तर प्रमुख डॉक्टरांचं दालनही हवं होतं. त्या दालनात वातानुकूलन यंत्र होतं आणि खिडकीतून बाग दिसायची. ही चर्चा त्या दिवशी पूर्ण झाली नाही.

दुसरा प्रश्न दाराचा. साठ सेंटिमीटर चढायला एकास बाराने ७.२ मीटर लांबी लागते, वर-खाली थांबायला दीड-दीड मीटर वेगळे. सरळ रॅम्पला जागा नव्हती, मध्ये गटार. वळणाचा रॅम्प करता आला असता, पण तो पायऱ्यांसमोरची सगळी जागा खाऊन टाकतो, रुग्णवाहिका मागे घेता येत नाही. मागच्या बाजूला जमीनच उंच होती, तिथल्या दारातून आत यायला फक्त २० सेंटिमीटरची पायरी. सर्वांत स्वस्त मार्ग तोच. पण ते दार कचरा आणि शववाहिकेचं. त्या महिला म्हणाल्या, "त्या दाराने मी एकदाच जाईन." पर्याय तिथेच संपला.

उरला तो पर्याय पाण्याच्या नळीने दाखवला. रॅम्प लांबवण्याऐवजी जमीन वर घ्यायची. गटारापासून फाटकापर्यंतचं अंगण भराव टाकून उचलायचं, एकास वीसच्या उताराने. एकास वीस म्हणजे चढ फारसा जाणवत नाही, आणि पावसाचं पाणी इमारतीपासून दूर, फाटकाकडे वाहतं. सहा मीटरमध्ये ३० सेंटिमीटर मिळतात. म्हणजे जोतं उरतं ३० सेंटिमीटर, आणि जुन्या रॅम्पच्या त्याच ३.६ मीटर लांबीत उतार नेमका एकास बारा. रॅम्पची लांबी चुकली नव्हती, जमिनीची उंची चुकली होती. पूर्ण ६० सेंटिमीटर भराव टाकून रॅम्पच काढून टाका, असं मी सुचवून पाहिलं. अभियंत्यांनी बरोबर अडवलं: माती जोत्यापर्यंत आली की ओल, ती थांबवणाऱ्या थराला वळसा घालून, भिंतीत चढते.

काय केलं

भराव, गटाराच्या भिंती ३० सेंटिमीटर उंच, जाळी आडवी, खडीच्या जागी सिमेंटची पट्टी दीड मीटर रुंद. रॅम्पला दोन्ही बाजूंना दुहेरी कठडा: एक उभ्यासाठी, एक खालच्या हातासाठी. दाराच्या पुढे थांबायला पुरेशी जागा केली आणि दार आत उघडेल असं केलं.

भराव हा विषय देणगीदाराला पटवणं सर्वांत अवघड गेलं. भरावाच्या छायाचित्रात काही दिसत नाही. आधी माती, नंतरही माती. शेवटी संस्थेने अर्धी रक्कम भरावाला आणि अर्धी खुर्च्यांना दिली. फलक खुर्च्यांवर लागले.

खुर्च्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. देणगीतून येणाऱ्या व्हीलचेअर एकाच मापाच्या, रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीसाठी बनलेल्या असतात. अमेरिकेतले राल्फ हॉचकिस स्वतः १९६६ पासून व्हीलचेअर वापरणारे अभियंते. १९८० मध्ये ते निकाराग्वात गेले, आणि पुढची कित्येक वर्षं खडबडीत रस्त्यावर चालणाऱ्या, स्थानिक कारागिरांना बनवता येणाऱ्या खुर्च्यांवर काम करत राहिले. रुंद, मऊ पुढची चाकं आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं जास्त अंतर ही त्या कामाची ओळख. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने कमी साधनांच्या भागांसाठी हाताने चालवायच्या व्हीलचेअरची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात योग्य खुर्चीची अट अशी: ती वापरणाऱ्याच्या गरजेला आणि परिसराला जुळणारी, अंगाला बसणारी, सुरक्षित, टिकाऊ, आणि त्याच देशात मिळणारी व दुरुस्त होणारी. नुसती खुर्ची देणं हे तिथे पूर्ण काम मानलेलं नाही. माप घेणं, बसवणं, चालवायला शिकवणं आणि मागाहून दुरुस्ती हेही त्यात मोडतं. आम्ही सायकलची चाकं आणि ट्यूब बसणाऱ्या खुर्च्या निवडल्या, कारण पंक्चर काढणारा सगळीकडे असतो. त्या महिलांची जुनी खुर्ची त्यांना आठ सेंटिमीटर जास्त रुंद होती. त्या एका बाजूला कलून बसायच्या आणि सगळा भार एकाच हाडावर यायचा. व्रण त्याच बाजूला होता. हे माप घेईपर्यंत कुणाच्या, माझ्याही, लक्षात आलं नव्हतं.

बाकीच्या गोष्टी स्वस्तात झाल्या. मालाचं वजन करायचा सपाट काटा आणला: खुर्चीसकट वजन करायचं, खुर्चीचं वजन रंगाने तिच्या पाठीवर लिहून ठेवलेलं, ते वजा करायचं. तपासणीच्या एका टेबलाचे पाय त्या सुतार तरुणाने कापले, ८५ चे ५० केले. डॉक्टरांनी तक्रार केली की आता त्यांची कंबर मोडते. रास्त तक्रार. त्यांना चाकाचं बुटकं स्टूल दिलं, आणि टेबल एकच कापलं होतं, दुसरं तसंच ठेवलं. नोंदणीच्या खिडकीशेजारी ७५ सेंटिमीटर उंचीवर फळी बसवली. हाक मारण्याबरोबर क्रमांकाची पाटी वर धरायची पद्धत सुरू झाली; त्या तरुणाला याआधी दोनदा पाळी चुकून दिवसभर बसून परत जावं लागलं होतं.

अंध शिक्षकांनी आमची एक योजना मोडीत काढली. अंधांना पायाने आणि काठीने वाट कळावी म्हणून अंगणात उठावाच्या फरश्या बसवायचा आमचा बेत होता. जपानच्या सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये त्या शोधल्या, १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसवल्या, आज त्या जगभर दिसतात. शिक्षक म्हणाले, "मी भिंतीच्या कडेने काठी लावत येतो. भिंत मला दारापर्यंत आणते. त्या कडेला लावलेल्या मोटारसायकली तेवढ्या काढा." फरश्यांचे पैसे वाचले. त्यातून पायऱ्यांच्या कडांना ठळक पिवळी पट्टी लावली. त्यांना नव्हे, अंधुक दिसणाऱ्यांना.

दालनाचा प्रश्न दोन महिने लोंबकळला. पुढे प्रमुख डॉक्टरांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि फिजिओथेरपीसाठी त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने वर न्यावं लागलं. पुढच्या सोमवारी डॉक्टर स्वतःचं सामान वर घेऊन गेले. तपासनीस म्हणून मी मांडलेल्या कोणत्याही तर्काने हे झालं नाही, ही नोंद प्रामाणिकपणे करतो.

आणि शेवटचं काम: शिपायाच्या रोजच्या कामांच्या कागदावर तीन ओळी वाढवल्या. भिंतीकडेची वाट मोकळी आहे का. स्वच्छतागृह उघडं आणि रिकामं आहे का. खुर्च्यांत हवा आहे का. सकाळी आठला सही. सगळ्या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी हीच मानतो. भराव एकदाच टाकायचा असतो. वाट मोकळी ठेवणं रोजचं काम आहे, आणि ज्या कामापुढे कुणाचं नाव नाही ते काम होत नाही.

परिणाम

त्या महिला भावाशिवाय यायला लागल्या. खडी गेल्यावर फाटकापासून दारापर्यंत त्या एकट्या येत, चढावर मध्ये एकदा थांबत. जखम भरायला पाच महिने लागले, मध्ये एकदा उघडलीही. जुना शेरा नोंदवहीत तसाच आहे. नर्सने त्याच्यापुढे फक्त तारीख घातली.

अनपेक्षित फायदा वृद्धांचा झाला. भरावाने चारातल्या दोन पायऱ्या जमिनीखाली गेल्या. गरोदर बायका, काठी टेकणारे, ताप आलेलं मूल काखेत घेतलेले, सगळे रॅम्पकडे वळले. गर्दीच्या दिवशी रॅम्पवर रांग लागते, आणि व्हीलचेअरला वाट काढावी लागते.

फसलंही. पहिला मोठा पाऊस झाला आणि भराव खचला. रॅम्पच्या तोंडाशी चार सेंटिमीटरची धार उभी राहिली, आणि एका वृद्ध गृहस्थांच्या खुर्चीचं पुढचं चाक तिला अडून ते पुढे पडले. कपाळाला टाके पडले. थर देऊन, पाणी मारून, दाबून भराव टाकायला जो वेळ लागतो तो मी दिला नव्हता. उद्घाटनाची तारीख ठरलेली होती आणि मी मान डोलावली होती. गवंड्याने उताराची सिमेंटची पाचर भरून दिली, दुसऱ्या पावसानंतर ती पुन्हा भरावी लागली.

वाहतुकीचं कोडं सुटलं नाही. रुग्णालयाच्या फाटकापर्यंत पोचायचं कसं? सामायिक गाड्या व्हीलचेअर घेत नाहीत. खुर्ची दोन माणसांची जागा खाते आणि चालकाला दोन माणसांचे पैसे हवे असतात. महिन्यातून एकदा आरोग्य सेविकेबरोबर ड्रेसिंग आणि फिजिओथेरपी वस्तीवर नेण्याचं सुरू झालं. त्याचा उपयोग झाला, पण तो फाटकाबाहेरच्या रस्त्याला पर्याय नाही. यादीतले किती तरी लोक अजून घरातच आहेत.

आज पुन्हा करायचं तर

पहिली चूक, आधीची मोजणी केली नाही. सुधारणेनंतर येणाऱ्या अपंग रुग्णांची संख्या वाढली असं सगळे म्हणतात आणि मलाही वाटतं. सिद्ध करता येत नाही, कारण केसपेपरवर तो रकानाच नव्हता. सहा प्रश्न नोंदणीच्या खिडकीवरच, कामाच्या सहा महिने आधी सुरू करायला हवे होते. पुढच्या निधीच्या वेळी हे नडलं.

दुसरी, वापरणाऱ्या तिघांना बैठकीला बोलावलं, पण कामाच्या पैशांवर आणि तारखांवर त्यांचं काहीच चाललं नाही. उद्घाटनाची तारीख पुढे ढकला असं त्यातलं कुणीही म्हणालं असतं. त्यांना विचारलं नाही. बौद्धिक अपंगत्व असलेलं किंवा मानसिक आजारातून गेलेलं कुणी तर बैठकीत नव्हतंच. त्यांच्यासाठी रांग, गोंगाट आणि तीन खिडक्यांची धावपळ हीच पायरी असते, आणि त्या पायरीला आम्ही हात लावला नाही.

तिसरी गोष्ट खर्चाची. नवी इमारत सुरुवातीपासून सुगम बांधली तर त्यासाठी एकूण खर्चाच्या सुमारे १ टक्का पुरतो, असं २०११ च्या त्या जागतिक अहवालात आहे. आम्ही त्याहून बरंच जास्त खर्चलं, आणि वरचा मजला अजून तसाच आहे. त्याच जिल्ह्यात त्या वर्षी तीन नवे दवाखाने बांधले जात होते. माझा सगळा वेळ जुन्या इमारतीत गेला. त्या तीन नकाशांवर एक दिवस बसलो असतो तर जास्त काम झालं असतं. हे मला दुसऱ्या पावसात, पाचर भरताना सुचलं.

दीड वर्षाने मी परत गेलो. प्रमुख डॉक्टरांची बदली झाली होती, शिपाईही नवा. तीन ओळींचा कागद फळ्यावरून गेला होता आणि भिंतीकडे पाच मोटारसायकली उभ्या होत्या. अंध शिक्षक महिन्यातून एकदा येतात आणि काठीने मोटारसायकलींच्या टाक्या वाजवत, मोजत मोजत दारापर्यंत येतात. तेवढ्यापुरत्या त्या हलतात. स्वच्छतागृहाला पुन्हा कुलूप होतं. नळ चोरीला गेले म्हणून लावलेलं. आधी ठरलं होतं की किल्ली नोंदणीच्या खिडकीशेजारी खिळ्याला टांगायची, खिळा जमिनीपासून एक मीटरवर. मध्यंतरी भिंतीला रंग दिला होता, आणि रंग देणाऱ्याने खिळा काढून पुन्हा ठोकला तो स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर. आमच्या त्या शिवणकाम करणाऱ्या महिला त्या दिवशी तिथेच होत्या. त्यांनी वर बघितलं, पिशवीतून कापडाची टेप काढून एक टोक माझ्याकडे दिलं, दुसरं जमिनीला लावलं, आणि खिडकीतल्या माणसाकडे हातोडी मागितली.